छोटीचं तळघर

घड्याळजींनी दुकान बंद केलं ते एका केसापायी.

दुरुस्त करून दिलेलं एका शिक्षिकेचं मनगटी घड्याळ चौथ्या दिवशी परत आलं. दुसऱ्या कुणीतरी मागचं झाकण उघडून पाहिलं होतं आणि चक्रात अडकलेला एक आखूड पांढरा केस काढून कागदाच्या पुडीत बांधून दिला होता. केस भुवईचा होता, घड्याळजींच्याच. "असू द्या हो, होतं असं कधीकधी," शिक्षिका म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. तिनं चार शब्द सुनावले असते तर ते त्यांनी मुकाट ऐकून घेतले असते. पण हे समजुतीचं बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं. अडतीस वर्षांत त्यांच्या हातच्या कामाला कुणी "असू द्या" म्हटलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, हत्यारांचे लाकडी खण घरी आणून तळघरात जिन्याखाली रचले आणि खिडकीशी खुर्ची टाकून ते जे बसले ते बसलेच.

त्यांच्या नजरेच्या बरोबर मध्यावर एक राखाडी डाग धरला होता. कडेचं सगळं दिसायचं. दाराची चौकट दिसायची, पायरी दिसायची, समोरच्या माणसाचे कान दिसायचे; पण जिथं बघायला जावं तेवढंच नेमकं पुसलेलं. कडा राहतील, मधलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं.

त्यांच्या बायकोला सगळे छोटी म्हणत. इस्पितळाच्या शिवणखोलीत ती कामाला लागली तेव्हा तिथली सगळ्यांत लहान होती, म्हणून छोटी. आता डोक्याचा कापूस झाला होता, गुडघे उठता-बसता आवाज करत होते, तरी कालपरवा लागलेल्या पोरीसुद्धा तिला छोटीबाईच म्हणत. चादरींना ठिगळं लावणं, रुग्णांच्या अंगरख्यांना नाड्या शिवणं, डॉक्टरांच्या कोटांचे फाटके खिसे सांधणं यात तिची हयात गेली होती.

पहिले दोन महिने घड्याळजी खिडकीतूनच घर चालवत होते. "दूध वर यायला लागलंय", "नळ अर्धाच बंद केलायस", "आज पावणेसातला आलीस, रोज साडेसहाला येतेस." छोटी वैतागायची. मग हळूहळू तेही बंद झालं. एक दिवस दूध खरोखरच उतू गेलं, शेगडी विझली, वास सुटला, तरी ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी मात्र छोटी घाबरली.

इस्पितळाच्या अडगळीत वेताच्या बैठकीच्या जुन्या खुर्च्या पडल्या होत्या. लाकूड ठणठणीत, मधली जाळी तेवढी फाटलेली. त्यातल्या दोन दुरुस्तीला द्यायच्या म्हणून छोटी एका मास्तरांकडे गेली. मास्तर अंधशाळेत वेतकाम शिकवून निवृत्त झाले होते आणि स्वतः जन्मापासून आंधळे होते. खुर्ची उलटी करून त्यांनी भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "एकाहत्तर. एक बुजलंय." छोटीनं मोजली. एकाहत्तरच होती आणि एकात जुनी खुंटी मोडून बसली होती. त्यांचे हात बघता बघता तिच्या डोक्यात विचार आला, की हे तर आमच्या ह्यांना डोळे मिटून जमेल.

तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घेऊन या त्यांना."

"ते नाही यायचे."

"मग तुम्ही शिका आणि त्यांना शिकवा. पण एक सांगून ठेवतो बाई, नवऱ्याला शिकवणं मला कधी करावं लागलेलं नाही, त्यामुळे त्यात माझा अनुभव शून्य."

पाच शनिवार ती त्यांच्याकडे गेली. आणि घरी जाहीर केलं, "तळघर रिकामं करून घेतेय. माझं शिवणाचं मशीन तिथं मांडणार."

"मांड," घड्याळजी म्हणाले.

तळघर म्हणजे एकवीस पायऱ्या उतरून एक लांबट खोली. वरच्या बाजूला रस्त्याच्या पातळीला एक आडवी खिडकी, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांची फक्त पावलं दिसायची. खाली तुटका पाळणा, गंजलेली सायकल, रंगाचे वाळून दगड झालेले डबे, लेकीच्या शाळेच्या वह्या. लेक आता परगावी स्वतःच्या संसारात होती, फोनवर म्हणाली, "टाकून दे गं सगळं," आणि दहा मिनिटांनी पुन्हा फोन करून म्हणाली, "वह्या राहू देत."

मदतीला छोटीचा थोरला भाऊ आला. तो गवंडी होता. काम सोडून चार वर्षं झाली होती, पण गप्पा सोडल्या नव्हत्या. भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत ओल चढली होती, ती बघून तो म्हणाला, "छोटे, हे सगळं प्लॅस्टर पाडतो आणि नवं मारतो. दोन दिवसांचं काम."

"आणि पाणी कुठून येतंय ते?" वरून आवाज आला. घड्याळजी जिन्याच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर येऊन बसले होते. खिडकी सोडून ते दुसरीकडे बसलेले छोटीनं कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

"जमिनीतनं येत असणार, दाजी."

"जमिनीतनं आलं असतं तर चारी भिंतींना आलं असतं. एकाच भिंतीला आहे. तिच्यावर काय आहे? आमची भांडी घासायची मोरी. मोरीचा पाइप बघा आधी."

पाइप बघितला. सांध्याजवळ केसाएवढी चीर होती आणि वर्षानुवर्षं तिथून थेंब थेंब भिंतीत मुरत होता. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. दाजी, तुम्ही गवंडी व्हायला हवं होतं." घड्याळजी हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन त्याच पायरीवर बसले.

पाइप बदलला, भिंत वाळू दिली, मगच प्लॅस्टर झालं. पांढरा रंग झाला. गार फरशी पायांना बाधू नये म्हणून जाड रबरी चटया आल्या. भावानं भिंतीवर फळ्या ठोकल्या. घड्याळजी वरूनच विचारत, "गोटी सोडून बघितलीत का?" गोटी सोडली की ती घरंगळत जायची आणि फळी पुन्हा उचकटावी लागायची. भाऊ पुटपुटायचा, "नाकापेक्षा मोती जड! बोटभर फळी आणि हातभर तपासणी." पण छोटी खूश होती. तिला वाटलं, आपण आपला डाव साधला.

तसा तो साधला नव्हता. घड्याळजींचे डोळे गेले होते, पण आयुष्यभर बंद झाकणाच्या आत काय बिघडलंय ते ओळखणाऱ्या माणसाचं डोकं कुठं गेलं नव्हतं.

"दिवे छताला न लावता दोन्ही बाजूंना का लावलेस?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"सावली पडत नाही."

"टेबलावर काळं कापड का ठोकलंस? आयुष्यभर पांढऱ्या चादरी शिवतेस. पांढऱ्या कापडाखाली काळं असलं काय, नसलं काय."

"असंच. मळ दिसत नाही."

"आणि जिन्याला दोन्हीकडे कठडे? तुला पडायची भीती कधीपासून वाटायला लागली?"

ताकाला जाऊन भांडं लपवायची छोटीला सवयच नव्हती. घड्याळजी उठले, दोन्ही कठड्यांना हात न लावता एकवीस पायऱ्या उतरले, सरळ कोपऱ्यात गेले आणि झाकून ठेवलेल्या टबात हात घातला. आत वेताच्या लांब, चपट्या पट्ट्या भिजत पडल्या होत्या. त्यांनी एक पट्टी बोटांमधून सरकवत शेवटापर्यंत नेली.

"हे आंधळ्यांच्या शाळेत शिकवतात," ते म्हणाले.

"अहो, पण–"

"मला दिसत नाही हे मला माहीत आहे. मी आंधळा आहे हे मात्र तू ठरवलंस. तेही माझ्या पाठीमागे, माझ्याच घराखाली. आणि भिंत कशी वाळवायची ते मलाच विचारून."

ओरडले असते तर छोटीनंही तोंड उघडलं असतं. ते तसं हळूच बोलून वर गेले आणि पुन्हा खिडकीशी बसले. भाऊ फळीवरची गोटी खिशात टाकत म्हणाला, "छोटे, मी निघतो." आणि एरवी तासभर निरोप घेणारा तो माणूस खरंच निघून गेला.

तीन आठवडे तळघरात कुणी उतरलं नाही. मग एके दिवशी इस्पितळातून परत येताना छोटीच्या मनात आलं, मास्तरांनी दिलेला वेत टबात सडून जाईल. केवळ त्या रागात ती खाली गेली. घाण पाणी ओतलं, काळ्या पडलेल्या पट्ट्या फेकल्या, उरलेल्या पुसून घेतल्या आणि इस्पितळातून आणलेल्या दोनपैकी एक खुर्ची टेबलावर उलटी टाकली.

वेताची जाळी दिसते नाजूक, पण ती एकावर एक सहा थरांची असते. उभे पदर, त्यावर आडवे, पुन्हा उभे, मग खालून-वरून गुंफत आडवे, आणि शेवटी दोन दिशांनी तिरके. प्रत्येक पदर भोकातून ओढायचा, खुंटी ठोकून धरून ठेवायचा, पुढचा ओढायचा. पट्टीची चकचकीत बाजू वर हवी, पिळा पडता कामा नये. छोटी शिवणारी होती, तिला वाटलं होतं सोपं जाईल. पण कापड ऐकतं, वेत ऐकत नाही. तो ओला असेपर्यंत गोड बोलतो आणि वाळला की आपल्या मनासारखं करतो. पहिल्या दिवशी चार पदर झाले आणि बोटांना चिरा पडल्या. दुसऱ्या दिवशी सात.

आठव्या-नवव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपण घरी येताना रस्ताभर या खोलीचा विचार करतो. स्वयंपाकघर सगळ्यांचं होतं. शिवणखोली इस्पितळाची होती. दुकान त्यांचं होतं. दीडशे चौरस फुटांची का होईना, दार लोटून घेतलं की आपली अशी जागा तिला आजवर कधी नव्हती, आणि नव्हती हेसुद्धा इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. वरच्या खिडकीतून पावलं जायची. घाईची, लंगडणारी, लहान मुलांची उड्या मारत जाणारी. कुणालाही काही शिवून द्यायचं नव्हतं. आपण नवऱ्याला खोटं सांगितलं होतं आणि ते खोटं आता नकळत खरं झालं होतं, याचं तिला हसू आलं आणि थोडी शरमही वाटली. कारण ते वर एकटेच बसलेले असत, आणि ती खाली सुखात होती.

सोळाव्या दिवशी पहिला तिरका थर पूर्ण झाला. जाळीला आकार आला. ती पुन्हा पुन्हा त्यावरून तळहात फिरवत राहिली.

सतराव्या दिवशी ती कामावरून आली तर तळघरातला दिवा लागलेला. घड्याळजी तिच्या स्टुलावर बसले होते. समोर खुर्चीची रिकामी चौकट होती आणि काळ्या कापडावर कापलेल्या वेताचे तुकडे लांबीप्रमाणे नीट जुड्या करून मांडून ठेवलेले.

"चौथ्या थरात नवव्या ओळीला एक पदर खालून जायच्या ऐवजी वरून गेला होता," ते म्हणाले. त्यांचा आवाज कित्येक महिन्यांत नव्हता इतका टवटवीत होता. "बोटाला लागला. तिरके पदर तिथंच अडत होते, म्हणून तुला ओढावे लागत होते. उघडल्याशिवाय दुरुस्त होत नाही, म्हणून उघडलं. बघ, एकही खुंटी हरवू दिली नाही."

छोटीनं रिकाम्या चौकटीवरून हात फिरवला. सोळा संध्याकाळी होत्या त्या.

"मला विचारलंत?"

"चूक होती गं."

"माझी होती ना? मग ती माझी मी काढली असती, नाहीतर तशीच ठेवली असती. तुम्ही माझ्या पाठीमागे, माझ्याच टेबलावर बसून–"

ती थांबली. हे शब्द आधी कुठून तरी ऐकलेत असं तिला वाटलं, आणि कुठून ते आठवलं. घड्याळजींनाही आठवलं असावं. त्यांनी मान किंचित बाजूला वळवली, डोळ्यांच्या कडेनं तिचा चेहरा बघायची ती त्यांची नवी रीत होती.

"ही जागा तू माझ्यासाठी केलीस," ते म्हणाले.

"केली होती. तुम्ही नको म्हणालात. आता ती माझी आहे. वर जा तुम्ही."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. "वर जा" असं ती त्यांना पहिल्यांदाच म्हणत होती. ते उठले. या वेळी दोन्ही कठडे धरून चढले, सावकाश. छोटीचा जीव कळवळला, पण ती मागोमाग गेली नाही. चौकट तशीच ठेवून बसून राहिली. मग एक तुकडा उचलून पाहिला. नवव्या ओळीचा होता की नाही कोण जाणे, पण वेत एका जागी ओढून ओढून पांढरा पडला होता. म्हणजे ते म्हणत होते ते खरंच होतं, आणि याचाच तिला जास्त राग आला.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. तिसऱ्या दिवशी ती खाली नव्यानं उभे पदर ओढत होती, तर तळघराच्या दारावर टकटक झाली. त्या घरात कुणी कुणाच्या दारावर कधी टकटक केली नव्हती.

"आत येऊ का?"

छोटीनं हातातला पदर शेवटच्या भोकातून ओढला, खुंटी ठोकली, आणि मग म्हणाली, "या."

ते खाली येऊन उभेच राहिले. "मला खुर्च्या विणायच्या नाहीत," ते म्हणाले. "आधीच सांगतो."

"मी म्हटलंच नाही."

"वर बसून तुझ्या खुंट्यांचा आवाज येतो. एक सैल बसते, एक घट्ट. साऱ्या विकतच्या आहेत, एका मापाच्या नाहीत. त्या मी करून देईन. लाकडाच्या. माझी कानस, खुंटी पकडायला छोटा व्हाइस, सगळं जिन्याखाली आहेच." मग थोडं थांबून, "तिथंच जिन्याखाली बसेन. टेबलाकडे येणार नाही."

"आणि चूक दिसली तर?"

"सांगेन."

"विचारल्यावर सांगायचं."

घड्याळजींनी यावर बराच विचार केला. चूक कळून गप्प बसणं त्यांना किती जड जातं ते तिला ठाऊक होतं. "बरं," ते अखेर म्हणाले. "विचारल्यावर."

भावानं येऊन जिन्याखाली एक अरुंद फळी ठोकून दिली आणि गोटी स्वतःहूनच सोडून दाखवली. घड्याळजी तिथं बसून बोटांच्या अंदाजानं खुंट्या घासू लागले. पहिल्या वीस फुकट गेल्या. नंतरच्या अशा बसू लागल्या की काढताना जोर लावावा लागे. न विचारता बोलायचं नाही हा नियम त्यांनी जेमतेम आठवडाभर पाळला. त्यानंतर ते बोलायचे नाहीत, फक्त खाकरायचे. खाकरणं ऐकलं की छोटी चार ओळी मागे जाऊन बोट फिरवायची. बहुतेक वेळा चूक सापडायची. एकदा सापडली नाही, तेव्हा ती म्हणाली, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही, घशात भुसा गेला." त्या दिवशी दोघंही किती दिवसांनी मोकळेपणानं हसले.

त्यांची नजर काही सुधारली नाही. डाग थोडा वाढलाच. काही दुपारी ते खाली येत नसत, खिडकीशीच बसत, आणि छोटी त्यांना बोलवायला जात नसे. बोलावलं की ते येतील आणि ते येणं तिच्यासाठी असेल, हे आता तिला कळलं होतं.

पहिली खुर्ची पूर्ण होत आली तेव्हा मास्तर ती तपासायला आले. काठी टेकत एकवीस पायऱ्या उतरले, खोलीचा वास घेतला आणि म्हणाले, "ओल होती इथं. गेलीय, पण होती." मग बैठकीवरून अंगठा फिरवला. "तिरके चांगले आलेत. कडा जरा घाबरलेली आहे. आणि खुंट्या कुणाच्या?"

"माझ्या," जिन्याखालून घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही ते घड्याळवाले! बाई सांगत होत्या. किती दिसतं?"

असं तोंडावर त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"कडेकडेनं दिसतं," घड्याळजी म्हणाले. "मधलं नाही."

"चैन आहे मग. आंधळा मागतो एक डोळा, तुमच्याकडे तर दोन्हींच्या कडा आहेत." मास्तर स्वतःच्याच विनोदावर मोठ्यानं हसले आणि खुंटी दातांत धरून चावून बघू लागले. "लाकूड चुकलंय. हे फुगेल. ओल्या वेताला फुगणारी खुंटी चालत नाही."

"कसं फुगेल? आडव्या रेषेत कापलंय."

"आडव्या कापा नाहीतर उभ्या, लाकूड पाणी पिणार म्हणजे पिणार."

"मी तेलात बुडवून ठेवल्यात!"

"तेल! वेताला तेल लागलं म्हणजे काय होतं ठाऊक आहे का तुम्हाला?"

वाद रंगला. घड्याळजी फळीपासून उठून टेबलापाशी आले, मास्तरांनी त्यांचा हात धरून बैठकीवर ठेवला, "इथं बघा, इथं," असं दोघंही एकमेकांना सांगू लागले आणि बघता बघता दोघांची चार कोपरं छोटीच्या टेबलावर पसरली. तिची कात्री खाली पडली. ती उचलायला वाकली तर मास्तरांची काठी आडवी आली.

"हे बघा," छोटी सरळ होत म्हणाली, "चहा वर आहे. कपही वर आहेत. तुम्ही दोघं वर जाऊन भांडा."

"अगं, पण कडेचं काय करायचं ते त्यांना दाखवतोय–"

"वर."

दोघं निघाले. एकानं डावा कठडा धरला, दुसऱ्यानं उजवा, आणि पायरीपायरीला थांबून तेल आणि लाकूड पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. ते वर पोचले तशी छोटीनं मागून चढून जाऊन दार लोटून घेतलं. खाली येऊन स्टूल पुढे ओढलं, टबातून एक लांब पट्टी काढून पुसली आणि कडेचा शेवटचा पदर लावायला घेतला.